विलापस्तोत्र पहिल्यांदा वाचताय? 13 पासून सुरुवात करा

रविवारच्या उपासनेत विलापस्तोत्र, म्हणजे देवापुढे दुःख मांडणारं बायबलमधलं स्तोत्र, पहिल्यांदाच वाचणार असाल, तर स्तोत्र 22 आत्ता नको. त्यात 31 वचनं आहेत आणि विलाप मध्ये मध्ये वळणं घेतो. स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं, आणि बांधणी स्वच्छ: 1-2 तक्रार, 3-4 विनवणी, 5-6 भरवसा आणि स्तुती.

नवे वाचक बहुधा इथे चुकतात:

- ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. चारही वेळा एकच सूर लावला की हजेरी घेतल्यासारखं वाटतं. पहिला हळू, पुढचे थोडे चढते ठेवा. रडका आवाज मात्र काढू नका, शब्दांतच पुरेसं दुःख आहे.
- चौथ्या वचनानंतर थांबत नाहीत. सगळं वळण तिथंच आहे! मनात तीन आकडे मोजा, मान वर करा, मग पाचवं वचन. आवाज मोठा नको, फक्त मोकळा.
- तक्रार गाळून थेट स्तुतीवर जातात. मग स्तुतीला आधारच उरत नाही.

आळीपाळीने वाचन असेल (एक वचन वाचन चालवणाऱ्या पुढाऱ्याचं, एक जमलेल्या मंडळीचं), तर मंडळीचं वचन पूर्ण संपू द्या. घाई नेहमी पुढाऱ्याचीच असते. घरी तीनदा मोठ्याने वाचा, तेही उपासनेत वापरतात त्याच भाषांतरातून. चाल लावणं नंतर बघू.