भाषा निवडताना बी-२पर्यंतचा रस्ता पाहा

कोणती परदेशी भाषा शिकावी असं विचारणारी बरीच पत्रं बारावीचा निकाल आणि पदवीचे प्रवेश यांच्या मधल्या दिवसांत नाशिक परिसरातून आली. त्यांपैकी काही निवडक पत्रं इथं घेतली आहेत. युरोपीय भाषांच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा चढत जातात. बी-२ म्हणजे कामापुरतं न अडखळता बोलता-लिहिता येण्याची पातळी. उत्तरांत हीच नावं येतील.

बारावी वाणिज्यला फ्रेंच होतं, ९४ गुण मिळाले. आता बी.ए. फ्रेंच करू, की जास्त 'स्कोप' म्हणून जर्मन किंवा जपानी नव्यानं सुरू करू? (विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

गुणांबद्दल अभिनंदन, पण निर्णय त्यांच्या भरवशावर घेऊ नकोस. बोर्डाची फ्रेंच म्हणजे ठरलेले धडे, ठरलेलं व्याकरण आणि लेखी उत्तरं. एखादी फ्रेंच बातमी लावून ऐक, किंवा आपल्या घराबद्दल न अडखळता तीन मिनिटं बोलून पाहा. बहुतेक मुलं या टप्प्यावर ए-१ आणि ए-२च्या मध्ये कुठंतरी असतात. म्हणजे फ्रेंच सोडलीस तरी फार काही वाया जात नाही, आणि धरून ठेवलीस तरी चढण अजून पुढेच आहे.

'स्कोप' हा शब्द मला काळजीत टाकतो, कारण तो विचारणाऱ्याला भलतीकडे नेतो. ए-२वर थांबलेल्या मुलीला कोणत्याच भाषेत काम मिळत नाही. बी-२ झालेलीला फ्रेंचमध्येही मिळतं आणि जर्मनमध्येही. म्हणून आधी हे शोध: मी जिथं राहणार आहे तिथं मला बी-२पर्यंत नेणारं कोण आहे? नाशिकमध्ये ए-१ची बॅच सहज भरते. ए-२ला मुलं गळतात, आणि बी-१ला बॅच निघण्याइतकी संख्या जमत नाही. प्रवेश घेण्याआधी क्लासला थेट विचार की गेल्या वर्षी तुमच्याकडे बी-१ची बॅच झाली का आणि किती जणांनी बाहेरची परीक्षा दिली. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा क्लास किंवा ऑनलाइन बॅच बघ. ज्या भाषेत हे उत्तर ठाम मिळेल ती भाषा तुझ्यासाठी चांगली.

वेळेचा अंदाजही हवा. जर्मन शिकवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटच्या हिशेबानं जर्मन बी-२ला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला सहा तासिका धरल्या तर दोन ते अडीच वर्षं. पदवीच्या काळात हे बसतं, पण पहिल्या वर्षाच्या जुलैतच सुरुवात झाली तर. कॉलेजात दोन क्रेडिटची परदेशी भाषा मिळत असेल तर जरूर घे, मात्र दोन क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. त्यात ए-१सुद्धा पुरी होत नाही.

जपानीचं गणित वेगळं. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना शिकवताना स्पॅनिशला २४ ते ३० आठवडे, जर्मनला ३६ आणि जपानी-कोरियनला ८८ आठवडे धरतं. मराठी मुलांना यात थोडी सूट आहे. क्रियापद शेवटी येणं आणि नामाला मागून प्रत्यय लागणं आपल्याला नवं नाही. कांजींना, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांना, मात्र सूट नाही. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीतच त्या २,१३६ आहेत. रोज लिहून काढायची चिकाटी नसेल तर जपानीच्या वाटेला जाऊ नकोस.

बी.ए. फ्रेंचच हवं असेल तर घर सोडायची तयारी ठेव. दिल्लीचं जेएनयू (बी.ए. ऑनर्सला सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून प्रवेश) आणि हैदराबादचं इफ्लू हे इंग्रजी व परदेशी भाषांचं विद्यापीठ ही मोठी ठिकाणं. तिथं पुढे साहित्य आणि भाषाशास्त्र भरपूर वाचावं लागतं. ती ओढ असेल तर घरच्यांशी भांडून जा. नसेल तर नाशिकलाच बी.कॉम. कर आणि शेजारी फ्रेंच बी-२पर्यंत ने. ताळेबंद समजणारी आणि फ्रेंच बोलणारी मुलगी नुसत्या फ्रेंच पदवीधरापेक्षा लवकर कामाला लागते.

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मास्टर्स जर्मनीत करायचं आहे, पण तिथले अभ्यासक्रम इंग्रजीतही आहेत. मग जर्मन कशाला? आणि सातपूर-अंबडच्या जर्मन कंपन्यांत उपयोग होईल का? (विद्यार्थी, पंचवटी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. फक्त इथल्या नोकरीसाठी जर्मन शिकू नकोस. मालक जर्मन असले तरी सातपूरच्या शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी चालते आणि ड्रॉइंग, मेल इंग्रजीत असतात. अनुभवी इंजिनिअरला पुढे तिकडच्या प्लांटशी काम पडलं तर जर्मन कामी येते, पण नोकरी मिळते ती इंजिनिअरिंगवर.

जर्मनीचं मात्र वेगळं. इंग्रजी अभ्यासक्रमाला प्रवेशासाठी जर्मन लागत नाही हे खरं. लागते ती पोहोचल्यानंतर. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, म्हणून आपली मुलं जातात. तरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५पासून शुल्क लावलं आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. भारतीयांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएसचं (शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचं) प्रमाणपत्रही सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आता विचार कर, ते काम कुठं मिळतं? यंत्रं बनवणाऱ्या कितीतरी चांगल्या जर्मन कंपन्या छोट्या गावांत आहेत आणि तिथं बैठक, सुरक्षेच्या सूचना, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा सगळं जर्मनमध्ये. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते महिने ए-१ शिकण्यात घालवणारी मुलं मोठ्या शहरांतल्या मोजक्या इंग्रजी जागांसाठी एकमेकांशी झगडत बसतात.

तुझ्या हातात दोन वर्षं आहेत. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला बी-१ची परीक्षा दे आणि बी-२ तिथं पूर्ण कर. मराठी असल्याचा एक फायदा घे: तीन लिंगं तुझ्या कानाला सवयीची आहेत. पण ती जुळत नाहीत. टेबल आपल्याकडे 'ते', त्यांच्याकडे 'तो'. म्हणून प्रत्येक नाम पहिल्या दिवसापासून लिंग दाखवणारा डेर, डी किंवा डास लावूनच पाठ कर. हे नंतर सुधारत नाही.

आमची द्राक्षं रॉटरडॅमला जातात. मुलगा बी.एस्सी. ॲग्रीला आहे. त्यानं डच शिकावी का? (द्राक्षबागायतदार, पिंपळगाव बसवंत)

नको. डच खरेदीदार इंग्रजीत सहज व्यवहार करतात. निर्यातीच्या बागांची ग्रेपनेटवरची नोंदणी, औषधांच्या अवशेषांचे (रेसिड्यूचे) अहवाल, ग्लोबलगॅप या शेतीमालाच्या दर्जा-प्रमाणपत्राची कागदपत्रं सगळी इंग्रजीतच असतात. वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठातले मास्टर्सही इंग्रजीत आहेत. त्याला भाषा शिकायचीच असेल तर स्पॅनिश सुचवतो. पेरू आणि चिली हे तुमचे बाजारातले प्रतिस्पर्धी. त्यांचा माल आणि नाशिकचा माल जानेवारी ते मार्च एकाच वेळी युरोपात उतरतो. त्यांचे बागायतदार, सल्लागार आणि रोपवाटिका वाण, छाटणी, शीतसाखळी यांबद्दल स्पॅनिशमध्ये बोलतात आणि लिहितात. स्पेनच्या मुर्सियातलंही तसंच. बी-१पर्यंत वाचता आलं तरी तुमच्या बागेला त्याचा फायदा होईल.

मुलगी मालिका पाहून कोरियनच शिकणार म्हणते. हे वेड समजायचं का? (पालक, सिडको)

वेड असेल तर उत्तमच. रोज दोन तास मन लावून ऐकण्याची जी सवय इतर मुलांना लावावी लागते, ती तिला आपोआप लागली आहे. कोरियन लिपी पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात मुद्दाम रचलेली, आज वापरातली मूळ अक्षरं २४. आठवड्याभरात वाचता येईल. व्याकरणाला वर्षं जातील. तिला अडवू नका. फक्त पदवी दुसऱ्या विषयाची असू द्या, आणि टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहापैकी किमान चौथ्या पातळीपर्यंत जायचं असं तिच्याशी ठरवून घ्या.

फोनच भाषांतर करून देतो. मग भाषेवर वर्षं कशाला घालवायची? (विद्यार्थी, नाशिकरोड)

साधी पत्रं आणि माहितीपुस्तिका यांच्या भाषांतराचं काम यंत्राकडे गेलं आहे. तेवढ्यासाठी भाषा घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. पण जर्मन रुग्णालयात परिचारिकेची नोंदणी साधारण बी-२शिवाय होत नाही, कारण रात्री दोन वाजता रुग्ण काय दुखतंय ते तिलाच सांगणार असतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हाही मुलांना जर्मन शिकवायचं काम सोबत आलं. जिथं जबाबदारी माणसाच्या अंगावर आहे तिथं भाषाही माणसालाच यावी लागते.

बी.ए. इतिहास करतोय. एम.ए.ला मराठ्यांचा इतिहास घेणार. सर म्हणतात एक परदेशी भाषा हवी. फारसी, पोर्तुगीज की डच? (विद्यार्थी, सटाणा)

या पत्रानं फार आनंद झाला. इथं बी-२चा नियम बाजूला ठेव. तुला बोलायचं नाही, वाचायचं आहे, आणि तेही तीनशे वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर.

कोणती भाषा ते विषय ठरवतो. तू बागलाणचा. साल्हेरची १६७२ची लढाई, मुल्हेर, १६८२ला सुरू झालेला रामशेजचा वेढा यांवर काम करायचं असेल तर फारसीला पर्याय नाही. मोगल दरबारची अखबारात म्हणजे रोजची बातमीपत्रं फारसीत आहेत, आणि मोगल कागदांत नाशिक 'गुलशनाबाद' म्हणून येतं हे माहीत नसेल तर माणूस आपल्याच गावाचा उल्लेख ओलांडून जातो. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनं मराठीत आणली म्हणून आपल्याला मोगलांची बाजू वाचता आली. ते काम संपलेलं नाही, आणि पुढे नेणारे हात फार कमी आहेत. फारसीत लिंगभेद नाही, व्याकरण सुटसुटीत आहे, आणि अर्ज, जमीन, कागद, हवालदार असे शेकडो शब्द तू आधीच वापरतोस.

वसईची १७३७ ते १७३९ची मोहीम किंवा गोवा हा विषय असेल तर पोर्तुगीज घे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून मराठ्यांचा केवढा इतिहास बाहेर काढला ते पाहा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते आणि दप्तरही पणजीतच आहे, म्हणजे शिकणं आणि वाचणं एकाच गावात होतं. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, पण त्यांच्या कंपनीचे मूळ कागद मुख्यतः हेगला आहेत. ती भाषा पीएच.डी.च्या विषयानं मागितली तरच.

या सगळ्याआधी मोडी. ती येत नसेल तर याच सुट्टीत सुरू कर. आणि फारसीच्या वर्गाला नाव घालण्यापूर्वी शिक्षकांना विचार की ते शिकस्ता, म्हणजे जुन्या कागदांतलं भराभर लिहिलेलं हस्ताक्षर, शिकवतात का. नुसती आजची इराणी फारसी शिकून दप्तरातला कागद वाचता येत नाही.