आधी पॅरामीटर फाइल जपून ठेव

प्रिय,

दीर्घिकासमूहाचं पहिलं सिम्युलेशन (संगणकावरचं प्रतिरूप) पुरं झालं, आलेखही छान आले, आता कुणी डेटा मागितला तर द्यावा का, असं तू विचारलं आहेस. जरूर द्यावा. पण देण्याजोगं तुझ्याजवळ काय काय शिल्लक आहे, ते आधी तपासून बघ.

माझा एक शोधनिबंध छापून आला, त्यानंतर चार वर्षांनी एका विद्यार्थिनीनं प्रारंभिक स्थितीची, म्हणजे सुरुवातीला कुठे किती द्रव्य होतं याची, फाइल मागितली. ती सापडली, सिम्युलेशन कोणत्या आकड्यांवर चालवायचं ते सांगणारी पॅरामीटर फाइलही सापडली. पण सिम्युलेशन अर्ध्यावर असताना वायूच्या शीतलीकरणाच्या भागात मी कोडची एक ओळ बदलली होती, आणि त्या बदलाची नोंद कुठेच नव्हती. तिचे आकडे माझ्याशी जुळेनात. स्वतःचंच काहीतरी चुकतंय असं समजून तिनं दोन महिने घालवले. ते दोन महिने मला आजही टोचतात.

1999 साली प्रसिद्ध झालेली ‘सांता बार्बरा’ तुलना सवडीनं वाच. त्यात एकाच प्रारंभिक स्थितीपासून 12 वेगवेगळ्या कोडनी एकच दीर्घिकासमूह घडवला. कृष्णद्रव्याचं, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्व असलेल्या द्रव्याचं, वितरण बऱ्यापैकी जुळलं. वायूच्या बाबतीत मात्र, केंद्राजवळ, एन्ट्रॉपीच्या (तापमान आणि घनता यांवरून काढलेल्या राशीच्या) आलेखात फाटाफूट दिसली: अवकाशाचे चौकोन पाडून ग्रिडवर चालणाऱ्या कोडमध्ये ती एका पातळीवर थबकत होती, कणांवर आधारलेल्या एसपीएच पद्धतीत आत जाईल तशी घसरतच होती. पुढे 2007 मध्ये आणखी एका तुलनेनं दाखवलं, की त्या काळचं प्रचलित एसपीएच दोन वायूंच्या सीमेवरचं मिसळणं दाबून टाकतं. म्हणजे आपण ज्याला निसर्गाचं वर्तन समजलो असतो, त्यात हिशेबाच्या पद्धतीचा हात होता. सगळ्यांनी एकाच फाइलपासून सुरुवात केली नसती, तर कोण कुठे वेगळं पडतंय हे कळायला वाटच नव्हती. मला ही आपल्या क्षेत्रातली फार मोलाची गोष्ट वाटते.

तुला सगळे स्नॅपशॉट, म्हणजे सिम्युलेशनच्या वेळोवेळच्या पूर्ण नोंदी, ठेवणं जमणार नाही, आणि तशी गरजही नाही. प्रारंभिक स्थिती, पॅरामीटर फाइल, कोडची नेमकी आवृत्ती, त्यात तू केलेले बदल, यादृच्छिक संख्यांचं बीज (ज्या आकड्यावरून त्या संख्या तयार होतात तो) आणि आलेखामागचे तक्ते एवढं जप. मोठ्या गटांनीही विचारपूर्वकच वाटप केलंय. 2005 च्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये एक हजार कोटींहून जास्त कण होते. त्यातल्या दीर्घिका आणि कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलांच्या (गोळा झालेल्या पुंजक्यांच्या) याद्या डेटाबेसमध्ये ठेवल्या गेल्या, त्यामुळे ज्यांनी कधी महासंगणक पाहिलाही नव्हता ते त्यावर प्रश्न विचारू लागले. इलस्ट्रिस-टीएनजी या नंतरच्या सिम्युलेशनमध्ये तर हवी ती एकच दीर्घिका मागवता येते.

एका गोष्टीचं वचन मात्र देऊ नकोस: आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच येईल, असं. अनेक प्रोसेसरवर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि गुरुत्वाच्या, बारीकशा फरकानंही पुढचं सगळं बदलणाऱ्या व्यवस्थेत तो फरक वाढत जातो. तेव्हा तुझा निष्कर्ष किती फरक सोसतो, ते लिही. वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा संदर्भही दे. ते लिहिणाऱ्यांची वर्षं त्यात गेलेली असतात.

आपला विषय कुणी आधी छापेल, ही तुझी भीती मला क्षुल्लक वाटत नाही. प्रबंध पुरा व्हायचा असेल तर निबंध छापून येईपर्यंत फाइल स्वतःजवळ ठेव, त्यात काही गैर नाही. पण ती आजच नीट लावून ठेव, कारण छापून आल्यावर आठवून आठवून लावलेली फाइल अपुरी राहते.

सध्या तुझं फोल्डर जसं आहे तसंच मला पाठव. मी ते माझ्याकडे चालवून बघेन, आणि जिथे अडेन तिथे तुला विचारेन. कोडचा आवृत्ती क्रमांक तेवढा आठवणीनं लिही.