मुलाचे अर्ज तुम्ही मोजू नका

प्रश्न : आम्ही मूळ बार्शीचे, आता हडपसरला असतो. मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला, ६४ टक्के आहेत. आठ महिन्यांत दोनशेहून जास्त ऑनलाइन अर्ज झाले. रोज किती केले याची वही मी रात्री तपासतो. महास्वयंमवर, म्हणजे राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर, नाव नोंदवलंय, तिथून कॉल नाही. दोन कंपन्यांचे फोन आले होते. एक कॉन्ट्रॅक्टची, दुसरी चाकणला रात्रपाळीसकट, म्हणून मीच नको सांगितलं. चुलतभाऊ पहिल्याच महिन्यात लागला. मुलाला एमपीएससीला बसवावं का? बायोडेटा सोबत जोडला आहे. – एक पालक

उत्तर : तुम्हाला लागलेला घोर मी समजू शकतो. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपली ती वही. रात्री आकडा दाखवायचा असला की मुलगा जाहिरात वाचत नाही, बटण दाबतो. त्या दोनशेंतल्या कितीतरी जागा दोन ते पाच वर्षं अनुभव मागणाऱ्या असणार, हे मी यादी न बघता सांगतो. शिवाय जेवताना चुलतभावाचं नाव निघत असेल, तर मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधीच तो हरलेला असतो. वही आजपासून बंद करा.

जागा रिकाम्या आणि पोरं घरी, हे एकाच शहरात एकाच वेळी कसं घडतं, या कोड्यावरच्या कामासाठी डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस या तिघांना २०१० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. थोडक्यात, मुलात खोट असल्याशिवायही असं घडतं. पुणं नकाशावर एक दिसतं, पण नोकरीच्या हिशेबाने त्याचे चार-पाच वेगळे बाजार आहेत. मेकॅनिकलवाल्याचं काम चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी, पिरंगुट या पट्ट्यांत. हडपसर ते चाकण पस्तीस-चाळीस किलोमीटर. पहिली पाळी सातला किंवा त्याआधीच लागते. मेट्रो सहाला सुरू होते आणि चाकणला जातच नाही. म्हणून एचआरचा पहिला प्रश्न टक्क्यांचा नसतो, ‘राहायला कुठे?’ हा असतो. कारण कंपनीची बस त्या बाजूला जात नसेल तर पोरगा महिनाभरात सोडून जातो, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं असतं.

आणि तुमच्या मुलाच्या बायोडेट्यावर पत्ता आहे बार्शीचा! नोकरीच्या पोर्टलवर एचआरवाले आधी ठिकाणाची चाळणी लावतात, मग अनुभवाची, आणि अलीकडे प्रोफाइल कुणी हलवलंय ते वर येतं. बार्शी पहिल्याच चाळणीत गळते. हडपसरचा पत्ता आणि पिन कोड घाला, ‘तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी’ ही ओळ घाला (अर्थात त्याची तयारी असेल तरच), आणि दर आठवड्याला प्रोफाइल उघडून काहीतरी अद्ययावत करा.

आता महास्वयंमबद्दल. ‘नाव नोंदवलं की नंबर लागतो आणि कॉल येतो’ ही समजूत तुमच्या पिढीत पक्की बसली आहे. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड जपून नूतनीकरण करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पण १९५९ च्या कायद्यानेसुद्धा २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं तेवढं बंधनकारक केलं होतं. त्या यादीतूनच माणूस घ्या, असं त्यात नव्हतं. सरकारी भरतीतही फक्त एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या यादीवर थांबू नका, जाहिरातही द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. त्यामुळे रांग अशी उरलेलीच नाही. नोंदणीचा खरा उपयोग रोजगार मेळाव्यासाठी: तिथे कंपन्या समोर बसलेल्या असतात, तिथे मुलाने स्वतः जायचं.

एमपीएससी त्याला मनापासून करायची असेल तर करू दे. नोकरी नाही म्हणून नको. डायरेक्ट सेकंड इयर डिग्रीचंही (डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश) तेच.

त्याने आधी बघावी ती अप्रेंटिसशिप. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे नवख्यासाठी दार कायद्यानेच उघडं ठेवलंय. डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्सचं, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेचं, पोर्टल आहे. एक वर्षाची मुदत, स्टायपेंड, शेवटी प्रमाणपत्र. पीएफ नसतो, हे खरं. पण वर्षभर किंवा जास्त नोकरीचा अनुभव झाला की अप्रेंटिसशिपची पात्रता जाते, म्हणून क्रम उलटा करू नका. कॉन्ट्रॅक्टला सरसकट नाही म्हणणंही चूक. विचारायचं एवढंच: पगारपत्रक कुणाच्या नावाचं, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) मिळणार का, ईएसआयसी (कामगार विमा) कापणार का, बस कुठल्या चौकात थांबते. रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट कुणी मागितलं तर मात्र तिथूनच परत फिरायचं.

भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपची जाहिरात पोर्टलवर क्वचितच सापडते. गेटवर पाटी असते: ‘व्हीएमसी ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजेत, बायोडेटासह भेटा.’ (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकचलित यंत्र.) बायोडेट्याच्या पंधरा प्रती घेऊन त्याने दोन दिवस त्या गल्ल्या फिराव्यात, सकाळी दहानंतर. गुरुवारी नको, तिथली बरीच युनिट गुरुवारी बंद असतात. मालक हातात जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, देऊन व्यास मोजायला सांगतो आणि पोरगा व्हर्निअर (मोजायचं साधन) कसा धरतो ते बघतो. ०.०२ मिमीचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) पाठ असून भागत नाही, रीडिंग पटकन आलं पाहिजे. कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन चार दिवस सराव करू द्या. चाकणला काम मिळालं आणि रोजचा प्रवास झेपला नाही, तर तिथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहता येतं. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला ते जमतं.

एक शेवटचं. बायोडेट्यावर मोबाइल नंबर तुमचा आहे. दोन्ही फोन तुम्हीच घेतलेत, तुम्हीच नकार दिलात. मुलगा काय म्हणाला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो नंबर काढून त्याचा घाला. त्या चाकणच्या कंपनीला आता त्यालाच फोन करू द्या. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसा.