रिटायर झालो, आता दिवस खायला उठतो

प्रश्न : रेल्वेतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं. पेपर, टीव्ही, दुपारची झोप, संपलं. बायको म्हणते तुम्ही घरात बसून कुकरच्या शिट्ट्या मोजतात. काही शिकू का कुठे फुकट सेवा करू? या वयात पोरांसोबत बसायची लाज वाटते. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : नाना, वहिनींचं बरोबर आहे! पोरांसोबत बसायचीच गरज नाही, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच आहे, नोकरीमुळे राहिलेलं बीए आता करा. मोबाईल जमत असेल तर केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन शिकायच्या वेबसाइटवर कोर्स फुकट आहेत, फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी लागते आणि ते तुम्हाला कुठे लावायचंय म्हणा.

पण मला विचाराल तर आधी शिकवा. केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७, त्यात १५ वर्षांपुढच्या निरक्षरांना लिहायला-वाचायला आणि आकडेमोड शिकवायला स्वयंसेवक लागतात, मानधन नाही, जवळच्या झेडपी शाळेत हेडमास्तरांना भेटा. माझी मावशी बासष्टाव्या वर्षी सही शिकली, 'ळ' काढताना जीभ बाहेर यायची तिची, पेन्सिल इतकी दाबायची की मागच्या पानावर हात फिरवला तर अक्षर लागायचं. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन पुढे केलं तरी म्हणे, मी सही करते ना!

एक सांगतो, सुरुवातीला अहिराणीतच बोला, पुस्तकी मराठी काढली की बाया दुसऱ्या दिवशी येत नाहीत. आणि वेळ शेतातून परत आल्यावरची ठेवा, तुमच्या ड्युटी चार्टप्रमाणे नको.