वाचकांचे प्रश्न : टीसी ओके, तरी शाफ्ट का तुटतोय?

प्रश्न : सर, आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, कन्व्हेअरचे शाफ्ट बनवतो, मटेरियल एन८ (मध्यम कार्बनचं स्टील). सप्लायरचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आहे, आम्ही स्वतः पण लॅबमधून टेन्साइल (ओढून तोडायची टेस्ट) आणि हार्डनेस (कडकपणा) करून घेतलं, दोन्ही ओके. तरी चार महिन्यांत शाफ्ट तुटला, तोही बेअरिंगच्या स्टेपला. ५० मि.मी.चा व्यास तिथून पुढे ६० होतो. स्पीड १०० आरपीएम, रोज साधारण दहा तास चालतं. पार्टी (आमचं गिऱ्हाईक) म्हणते माल डुप्लिकेट आहे. आता कुठली टेस्ट करू?

उत्तर : आधी एक काम करा, तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा. ते एकमेकांवर घासून जुळवून बघू नका, वायर ब्रश मारू नका, थोडं तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. कारण खरा रिपोर्ट त्या तुटलेल्या तोंडावरच आहे आणि बहुतेक वेळा तोच कोणी बघत नाही, तुकडा सरळ भंगारात जातो.

टेन्साइल टेस्टमध्ये काय होतं, तर यूटीएमवर (ओढून तोडायच्या मशीनवर) पीस लावून एकदाच, हळूहळू, तुटेपर्यंत ओढतात. तुमचा शाफ्ट असा कुठे तुटलाय? शाफ्टवर बेंडिंग लोड आहे आणि तो फिरतोय, म्हणजे पृष्ठभागावरचा एकच पॉइंट दर फेऱ्याला वर आला की दाबला जातो, खाली गेला की ताणला जातो. १०० आरपीएम म्हणजे तासाला ६,००० आणि दहा तासांत ६०,००० वेळा हे होतं, कामाचे शंभर दिवस धरले तरी ६० लाख झाले. अशा उलटसुलट लोडला स्टील त्याच्या टेन्साइल स्ट्रेंग्थच्या साधारण निम्माच ताण झेलतं, तोही गुळगुळीत पॉलिश केलेल्या पीसवर. असा वारंवार ताण येऊन धातू थकून तुटतो, हीच ती फटीग. जर्मनीत ऑगस्ट व्होलरनी १८५० ते १८७० च्या दरम्यान रेल्वेचे अॅक्सल का तुटतात म्हणून यावरच वर्षानुवर्षं टेस्ट केल्या होत्या.

आता तोंड नीट बघा, उजेड तिरका धरून. एका कडेपासून सुरू होणारा गुळगुळीत भाग आणि त्यात शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसल्या तर फटीगच समजा, त्या रेषा जिथे गोळा होतात तिथून क्रॅक सुरू झाली. उरलेला खरबरीत दाणेदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. (हाच दाणेदार भाग बघून जुने लोक म्हणायचे लोखंड क्रिस्टल झालं, पण तसं काही नसतं, धातू मुळातच क्रिस्टलचा असतो.) खरबरीत भाग छोटा असेल तर एकूण लोड फार नव्हता, कोपऱ्यानेच घात केला. मोठा असेल तर शाफ्ट लोडला कमी पडतोय, व्यास वाढवायला लागेल.

माझा संशय स्टेपवर आहे. तिथे टूल सरळ काटकोनात उतरवलं असेल तर त्या कोपऱ्यात ताण दुप्पट-तिप्पट होतो, आणि हे कुठल्याही टीसीवर येत नाही कारण टीसी मटेरियलचा असतो, तुमच्या जॉबचा नाही. अडीच मि.मी.चा रेडियस द्या आणि टूलच्या खुणा पॉलिश करून काढा. ५० बोअरच्या बेअरिंगला एवढा रेडियस आड येतो, म्हणून मध्ये चॅम्फर मारलेली (आतली कड तिरकी कापलेली) स्पेसर रिंग टाका. आणि तुटलेल्या जागी वेल्डिंगने भरून टर्न करून परत लावायचा विचार असेल तर कृपा करून नको, वेल्डच्या शेजारचं स्टील कडक होतं आणि पुढची क्रॅक तिथूनच निघते.

पार्टीला दाखवायचंच असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये तुटलेल्या तुकड्याचंच स्पेक्ट्रो (कुठला घटक किती), मायक्रोस्ट्रक्चर (सूक्ष्मदर्शकाखालची रचना) आणि कडेपासून मध्यापर्यंत हार्डनेस करून घ्या, नवीन बार देऊ नका. फटीग टेस्ट स्वतः करायच्या मागे लागू नका, तिला बरेच पीस लागतात, वेळ जातो आणि खर्च मोठा.

प्रश्न : घराच्या बांधकामाला एफई ५०० आणि एफई ५००डी अशा दोन सळया मिळतात, दोन्ही ५०० च आहेत तर डी साठी जास्त पैसे का द्यायचे?

उत्तर : ५०० हा यील्डचा आकडा, म्हणजे ज्या ताणाला सळई कायमची लांबायला लागते तो, दोन्हीत तोच. फरक तुटायच्या आधी सळई किती लांबते यात आहे. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० ला किमान १२ टक्के, डी ला १६ टक्के, शिवाय डी मध्ये सल्फर-फॉस्फरस कमी ठेवावं लागतं. भूकंपात सळई वाकून, लांबून धक्का पोटात घेते, म्हणून मी तरी डी च घ्या म्हणेन. साइटवर एवढंच करा, बंडलच्या टॅगवरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर) आणि टीसीवरचा हीट नंबर एकच आहे का ते माल उतरवायच्या आधी स्वतः बघा, आणि रिंगा वाकवताना वळणावर बाहेरच्या बाजूला चिरा दिसल्या तर ती सळई बाजूला काढून लॅबला पाठवा.