‘दंतमज्जा’ आणि ‘मज्जासंप्रेषक’: या दोन मज्जा एकच का?

प्रश्न असा आहे: ‘दंतमज्जेतील मज्जासंप्रेषकांमुळे दाह वाढतो’ या वाक्यातल्या दोन्ही मज्जा एकच का? आणि इथे दाह म्हणजे सूज समजायची की जळजळ?

मज्जा एकच नाहीत. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. अस्थिमज्जा या शब्दात तो अर्थ शाबूत आहे. दाताच्या पोकळीतही मऊ ऊती असते, म्हणून ती दंतमज्जा. मज्जातंतू आणि मज्जासंस्था यांतली मज्जा मात्र नर्व्हची. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू हा या दोन अर्थांमधला दुवा असावा. एरवी चालून जाते, पण दाताबद्दल लिहिताना दोन्ही अर्थ एकाच ओळीत येतात आणि वाचक अडखळतो. शालेय पुस्तकांनी रुळवलेला ‘चेता’ हा शब्द नर्व्हसाठी घ्यावा आणि दाताच्या आतल्या भागाला सरळ गाभा म्हणावे. विश्वकोशातला ‘तंत्रिका’ही चुकीचा नाही, बोलण्यात मात्र तो कोणी वापरत नाही.

खरी अडचण ‘संप्रेषक’ या शब्दाची आहे. एका चेतापेशीने दुसरीला निरोप देण्यासाठी सोडलेले रसायन ते संप्रेषक किंवा पारेषक. दाताच्या गाभ्यात जे घडते ते वेगळे. गाभ्यातल्या संवेदी तंतूंच्या पेशी दातात नसतात, कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, असतात. सब्स्टन्स पी आणि सीजीआरपी ही पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या, तिथे तयार होतात आणि तंतूमधून दोन्ही टोकांकडे जातात. मेंदूच्या बुंध्याकडच्या टोकाला सब्स्टन्स पी ग्लुटामेट या दुसऱ्या संप्रेषकाच्या जोडीने पुढच्या पेशीला वेदनेचा निरोप देतो. तिथे त्याला संप्रेषक म्हणणे बरोबर. दाताकडच्या टोकाला मात्र पुढे चेतापेशीच नसते. तिथे ही पेप्टाइडे शेजारच्या रक्तवाहिन्यांवर काम करतात: सीजीआरपीने वाहिन्या रुंदावतात, सब्स्टन्स पीने त्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि मास्ट या संरक्षक पेशींमधून हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन सुटते. म्हणून या टोकाच्या वर्णनात ‘चेतापेप्टाइडे’ हाच नेमका शब्द. (सब्स्टन्स पीमधला ‘पी’ पेनचा, म्हणजे वेदनेचा, असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. 1931 साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना हा पदार्थ घोड्याच्या आतड्याच्या व मेंदूच्या अर्कात सापडला, तेव्हा त्याचा वेदनेशी संबंध कोणाच्या मनातही नव्हता.)

आता दाह. वैद्यकीय लेखनात इन्फ्लमेशनला ‘शोथ’ हा काटेकोर शब्द आहे. विश्वकोश त्याचीच फोड ‘दाहयुक्त सूज’ अशी करतो. नुसते ‘दाह’ म्हटले की सामान्य वाचकाला आग होणे आठवते, आणि दाताची आग क्वचितच होते. ‘सूज’ म्हणावे तर गाभ्याला फुगायला जागाच नाही, चारी बाजूंनी दंतिन, म्हणजे दाताचा कठीण थर, असतो. हिरडी सुजते, गाल सुजतो. गाभ्यात द्रव झिरपला की दाब वाढतो. या दाबाने सगळा गाभा एकदम गुदमरून मरतो अशी पूर्वी समजूत होती. आता असे मानतात की दाब किडीलगतच्या भागापुरताच चढतो, कारण जादा द्रव आजूबाजूच्या केशवाहिन्या आणि लसिकावाहिन्या ओढून घेतात. शोथ तिथून हळूहळू मुळाकडे सरकतो. तेव्हा गाभ्यासाठी ‘शोथ’च घ्यावा आणि पहिल्यांदा वापरताना अर्धी ओळ खर्चून तो समजावून द्यावा.

मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘किडीमुळे डिवचलेल्या चेतातंतूंच्या टोकांतून सुटणारी पेप्टाइडे दाताच्या गाभ्यातला शोथ वाढवतात.’ ‘डिवचलेल्या’ मुद्दाम घातला. चेता इथे फक्त वेदना कळवत नाही, शोथ पेटवण्यातही तिचा हात असतो. शोथात तयार झालेले ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायने त्याच तंतूंना आणखी हळवे करतात, मग पेप्टाइडे आणखी सुटतात. इबुप्रोफेनसारखी गोळी यातले प्रोस्टाग्लँडिन तेवढे रोखते; पेप्टाइडे थेट रोखत नाही आणि कीड तर जागच्या जागीच राहते. गोळीचा असर उतरला की दुखणे परत येते ते म्हणूनच.

बोलीतले शब्द या बाबतीत परिभाषेपेक्षा चोख आहेत. थंड पाणी लागल्यावर क्षणभर उठते ती ‘कळ’ किंवा ‘सणक’: ती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे बारीक वेष्टन असलेल्या, जलद वाहणाऱ्या ए-डेल्टा तंतूंची. रात्री आडवे झाल्यावर नाडीच्या ठोक्याबरोबर उठतो तो ‘ठणका’: तो वेष्टनरहित, सावकाश वाहणाऱ्या सी तंतूंचा, आणि सब्स्टन्स पी व सीजीआरपी बाळगणारे बरेचसे तंतू याच जातीचे. ‘दात आंबणे’ यापलीकडचे. चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर होणारे, गाभ्याच्या शोथाशी संबंध नसलेले. दंतवैद्याकडे गेल्यावर ‘दात दुखतो’ एवढ्यावर थांबू नये. थंडाने येणारी कळ लगेच विरते की अर्धा मिनिट उलटले तरी रेंगाळते, गरम चहाने ठणका सुरू होतो का, हे सांगावे. लगेच विरणारी कळ असेल तर कीड काढून दात भरण्यावर भागण्याची शक्यता असते. रेंगाळणारी कळ आणि आपोआप उठणारा ठणका बहुधा रूट कॅनालकडे नेतो. या अवस्थेत प्रतिजैविकाने वेदना कमी होत नाही.

‘नस काढली’ हा प्रयोगही याच ओळीतला. काढतात तो सगळा गाभा: चेता, रक्तवाहिन्या, संयोजी ऊती, सगळेच. बोलताना ‘नस’ चालेल, लिहिताना ‘गाभा काढला’ म्हणावे; नाहीतर वाचकाला वाटते की आतला एक धागा तेवढा ओढून घेतला आणि बाकी दात होता तसाच जिवंत राहिला.