वडिलांची सत्तर-ऐंशी मराठी इंद्रजाल कॉमिक्स सापडली. काहींवर बुरशी, पिना गंजलेल्या. बाइंड करून घेऊ की लॅमिनेट? आणि विकली तर काय येईल?

दोन्ही नको. बाइंडरकडे न्यायला पिशवी भरून ठेवली असेल तर आधी ती रिकामी करा.

लॅमिनेशनचं लवकर संपतं. तापलेल्या रुळांमधून वर्तमानपत्री कागद जातो, प्लॅस्टिकचा चिकट थर वितळून त्याच्या तंतूंत शिरतो आणि पुन्हा कधीच निघत नाही. कागदातलं आम्ल आतच राहतं, म्हणजे कागद पिवळा पडून तुकडे व्हायचा तो होणारच. तुम्ही फक्त त्याच्या दुरुस्तीची वाट बंद करता.

बाइंडिंगवर मात्र सविस्तर बोलणार, कारण "बाइंड केली म्हणून तर टिकली" हे वाक्य ऐकून कान किटलेत. हे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी असा खंड उकलून पाहिलाय? मी पाहिलेत. त्यातल्याच एका खंडात काय होतं ते सांगतो: बारा अंक, रेक्झिनची पाठ, वर सोनेरी अक्षरांत वर्ष.

मूळ अंकात दुमडलेले कागद एकात एक घालून घडीवर दोन पिना मारलेल्या असतात, त्यामुळे तो पूर्ण उघडतो. बाइंडरने बारा अंक एकावर एक ठेवले आणि घडीपासून जवळजवळ एक सेंटिमीटर आत भोकं पाडून आरपार शिवले. तेवढा आतला समास शिवणीत गेला. वेताळाच्या (इंग्रजीतल्या फँटमच्या) गोष्टीत पानाच्या आतल्या कडेला संवादाचा फुगा असला की त्यातल्या प्रत्येक ओळीची दोन-तीन अक्षरं दिसेनाशी. वाचायचं तर खंड दाबून उघडावा लागतो, आणि जुना कागद नेमका शिवणीच्या रेघेवर मोडतो. बारापैकी पाच अंकांची मधली पानं अशीच सुटी झाली होती. मग कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर कटिंग. काही पानांच्या खालच्या चौकटीची रेघ त्यात गेली. मुखपृष्ठं काढून टाकलेली, कारण त्यांनी खंड जाड होतो. पाठीला मैद्याची खळ, आणि खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद. मोरचुदातलं तांबं कागदाचं सडणं वाढवतं. पाठीलगतचा तपकिरी पट्टा बोट लावताच भुगा होत होता.

टिकली म्हणतात ती ही अशी.

मुखपृष्ठ गेलं तर काय बिघडलं, गोष्ट तर आहे, असं कोणी म्हणेलच. बिघडतं. सुरुवातीच्या अंकांची रंगवलेली मुखपृष्ठं बी. गोविंद यांची, म्हणजे 1976 मध्ये लेखक आबिद सुरतींनी आणलेल्या बहादूर या देशी नायकाची चित्रं काढणारे तेच. ती मूळ अमेरिकन चित्रपट्टीत नाहीत, इथेच झाली. उलट आतली गोष्टच अर्धीमुर्धी असायची: पट्ट्या पानात बसवण्यासाठी चौकटी गाळलेल्या, वेताळाचा देश 'बंगाला' हा आपला बंगाल वाटू नये म्हणून त्याचं डेंकाली केलेलं. पूर्ण गोष्ट हवी असेल तर वेताळाचा निर्माता ली फॉक याच्या मूळ इंग्रजी पट्ट्यांचे संग्रह मिळतात. तुमच्या वडिलांच्या गठ्ठ्यात जे आहे ते वेगळं आहे: मराठी संवाद, गोविंद यांची मुखपृष्ठं, पॉपिन्स गोळ्यांच्या राम-श्यामची चित्रजाहिरात. बाइंडर नेमकं यालाच कात्री लावतो. जाहिरातीची पानं "फालतू" म्हणून फाडलेले खंड तर सर्रास दिसतात.

आता काय करायचं ते.

बुरशीवाले अंक आधी बाजूला काढा, बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत. उन्हात टाकू नका. पापड-कुरडयांची सवय पुस्तकांना लावू नये: उन्हाने रंग उडतो, कागद ठिसूळ होतो, आणि एक बाजू लवकर सुकून पान वळतं. सावलीत, अंक किंचित उघडा उभा ठेवून, पंखा खोलीत फिरता पण थेट अंकावर नाही, असे दोन-तीन दिवस. बुरशी ओलसर आहे तोवर हात लावला तर ती कागदात घासली जाते. कोरडी भुकटी झाली की गॅलरीत जाऊन, एन-95 मास्क लावून, रंगकामाच्या मऊ इंचभर ब्रशने घडीकडून बाहेरच्या दिशेने झाडा. ओलं फडकं, सॅनिटायझर, स्पिरिट यांतलं काहीही नको, रंग फुटू शकतो. डाग राहणार. तो घालवायला ब्लीच लावू नका, डागाबरोबर कागदही जातो.

पानांना आडवीतिडवी कुरतडलेली नक्षी असेल तर ती कसर आहे. अंक पूर्ण सुकल्यावर झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. इथेच लोक घाई करतात: थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा बुरशीची सोय करता.

पिना चकचकीत असतील तर राहू द्या. गंजल्या असतील तर काढा. "मूळ पिना काढल्या की अंक अस्सल राहत नाही" म्हणणाऱ्या संग्राहकांशी माझं जुनं भांडण आहे. कोकणात, मुंबईत पावसाळाभर हवेत ऐंशी-नव्वद टक्के ओल असते. तिथे गंजकी पीन थांबत नाही, ती भोकाभोवतीचा कागद खाते आणि मधलं पान गळून हातात येतं. मग कुठला अस्सलपणा?

काढायची रीत अशी. अंक मधल्या पानावर उघडा. पिनेचे दोन पाय आत वळलेले दिसतील. कागद आणि पाय यांच्यामध्ये पातळ कार्डाची पट्टी सरकवा आणि बोथट सुरीने पाय एकेक करून उभे करा. मग अंक पालथा घालून बाहेरून पीन सरळ ओढा. ऑफिसातला पिना उपसायचा चिमटा वापरला तर घडीवर फाटणार, हे गृहीत धरा. पीन कागदाला चिकटली असेल तर ओढू नका, पाय हलकेच मागेपुढे फिरवून गंज मोकळा होऊ द्या. पुन्हा जोडायला मेण न लावलेला पांढरा सुती दोरा. नवी भोकं पाडायची नाहीत: आतून एका भोकातून बाहेर, दुसऱ्यातून आत, मधल्या पानावर गाठ, टोकं सेंटिमीटरभर ठेवून कापायची. दोरा तंग ओढला की घडीच चिरली जाते. कागद जागेवर बसण्याइतकाच ताण हवा.

फाटलेल्या पानांना सेलोटेप कधीही नाही. काही वर्षांत पट्टी सुटते आणि तिचा चिकटपणा पिवळा होऊन कागदात उतरतो. आधीची असेल तर ओढू नका. सुटलेली तेवढी निघेल, घट्ट असलेली राहू द्या. फेव्हिकॉलही नको, एकदा बसला की सोडवता येत नाही. पातळ जपानी टिश्यू आणि मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवून चिकटवायची पूड) वापरा, दोन्ही ऑनलाइन मिळतात. 100 मिलिलिटर पाण्याला 3 ग्रॅम पूड. तिसरा हिस्सा पाणी गरम करून त्यात ढवळा, बाकीचं थंड घाला, रात्रभर ठेवा. गार पाण्यात एकदम टाकली तर गुठळ्या होतात. टिश्यू कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. आधी समासावर थेंब लावून शाई फुटते का पाहा. हे मिश्रण अगदी कमी लावा, कारण वर्तमानपत्री कागद पाणी लगेच ओढतो आणि ओल जिथे थांबते तिथे तपकिरी रेघ उमटते. वर-खाली बटर पेपर, त्यावर टीपकागद, त्यावर किलोभर वजन. पहिला टीपकागद दहा मिनिटांनी बदला.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. मऊ, वासाच्या पीव्हीसीच्या नको, त्यातलं तेलकट द्रव्य शाईला चिकटतं. मागे आम्लरहित कार्ड. स्टेशनरीतला राखाडी पुठ्ठा हा स्वतःच आम्लाचा साठा असतो. पिशवीचं तोंड दुमडा पण चिकटपट्टीने बंद करू नका, एक तर ओल आत कोंडते आणि दुसरं म्हणजे अंक काढताना मुखपृष्ठ त्या पट्टीला चिकटून सोलतं. माळ्यावर ठेवू नका, तिथे पत्र्याची धग लागते. बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. घट्ट झाकणाचा डबा असेल तर वीस लिटरला 200 ग्रॅम सिलिका जेलपासून सुरुवात करा आणि आत साधा आर्द्रतामापक ठेवा. 45 ते 55 टक्क्यांमध्ये काटा राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. उघड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकणं म्हणजे समुद्रात मीठ. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायची तर ठेवा, पानांत नको. कडुनिंबाचा पाला तर नकोच, तो ओल आणि डाग दोन्ही देतो.

स्कॅन जरूर करा. सपाट स्कॅनरवर 600 डीपीआय, मागे काळा कागद, म्हणजे पलीकडच्या पानाची छपाई झिरपत नाही. उजळपणा, शार्पनिंग सगळं बंद, मूळ फाइल टिफ. सुधारणा करायची ती तिच्या प्रतीवर. फाइलला "वेताळ-छान" असं नाव देऊ नका, अंकाचा क्रमांक द्या. पिना काढलेल्या अवस्थेत स्कॅन केलं तर घडीजवळचंही सगळं येतं, म्हणून दोरा घालण्याआधीच हे उरका. स्कॅन घरच्यासाठी. उचलून सगळीकडे वाटू नका, फॉक 1999 मध्ये वारला, हक्क अजून जिवंत आहेत.

किमतीबद्दल मी काही सांगणार नाही. विकायची असतील तर आधी यादी करा: क्रमांक, मुखपृष्ठ आहे का, मधली पानं पूर्ण आहेत का, कुठे कटिंग झालंय का. मालिका मार्च 1964 ते 1990 चालली. इंग्रजी अंकांत 123 आणि 124 हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा यादीत तिथे खिंडार दिसलं तर घाबरू नका. नंतरच्या काळात सलग क्रमांक जाऊन वर्ष-अंक अशी मोजणी आली, ती जशी आहे तशीच लिहा, स्वतः हिशेब करून जुना क्रमांक देऊ नका.

हे सगळं बाइंडिंगविरुद्ध लिहिल्यावर एक कबूल करतो. आधीच बाइंड झालेला आणि अजून घट्ट असलेला खंड असेल तर तो उकलू नका. शिवण सोडवताना जितकं वाचतं त्याहून जास्त तुटतं. तो आडवा ठेवा, उभा ठेवला तर स्वतःच्या वजनाने पाठ सुटते. आणि वाचनालयात पोरांच्या हातात रोज जाणाऱ्या अंकांना बाइंडिंग ठीकच आहे, पण मग बाइंडरला कागदावर लिहून द्या: मुखपृष्ठं आतच ठेवायची, कटिंग मारायचं नाही, भोकं घडीतच पाडायची. तोंडी सांगितलेलं कटिंग यंत्रापर्यंत पोचत नाही. मोरचुदाच्या खळीचा जुना खंड हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात कोणाला दमा असेल तर बुरशीचं काम त्यांना देऊ नका.